चेरुतुरुत्तीत भाचीचं बिऱ्हाड

पावसाळ्यात कोकण रेल्वेच्या गाड्या सावकाश धावतात. रत्नागिरीहून नेत्रावती एक्सप्रेसने आम्ही शोरनूरला उतरलो तेव्हा दुसरा दिवस बराच वर आला होता. सोबत भाची. ती पुण्यात नाटकात काम करते, गातेही. कथकलीचं गायन शिकण्यासाठी ती काही महिने केरळ कलामंडलममध्ये राहणार होती. आपाने परवानगी दिली, पण अटीवर: मामू-मामींनी सोबत जायचं, दहा दिवस राहायचं आणि जागा, खाणं, नमाज आणि माणसं डोळ्यांनी पाहून यायचं.

शोरनूरहून भारतप्पुळा ओलांडली की चेरुतुरुत्ती. लोक या नदीला प्रेमाने निळा म्हणतात. उन्हाळ्यात वाळूच जास्त दिसते म्हणे, आम्हाला मात्र दोन्ही काठ भरून भेटली. शेजारी १९०२ सालचा जुना कोचीन पूल मधूनच कोसळलेला उभा आहे.

भाचीसाठी गावात एका मापिला कुटुंबाकडे खोली ठरली. घरमालकीणबाईंना सगळे ‘उम्मा’ म्हणतात, म्हणजे आई. त्यांचे शौहर शारजात रत्नागिरीच्या माणसांबरोबर काम करून आलेले, त्यामुळे मोडक्या हिंदीवर निभावलं. पहिल्याच रात्री ताटात पत्तिरी आली, तांदळाच्या पिठाची पातळ रोटी, आणि नारळाच्या रसातलं मटण. आमच्या घरची तांदळाची भाकरी हिची जाडजूड बहीण. नमाजचंही तसंच. केरळचे मुसलमान आपल्या कोकण्यांसारखेच शाफई. अस्रची वेळ तीच, फजरमध्ये कुनूत तोच. जागा आणि खाणं यांची फिकीर त्या रात्रीच मिटली.

कलामंडलम १९३० साली स्थापन झालं. तरुणपणीच ऐकू येईनासं झालेले कवी वळ्ळत्तोळ नारायण मेनन आणि मुकुंद राजा यांनी ते उभं केलं, तेव्हा कथकली विझत चालली होती. पैशासाठी वळ्ळत्तोळांनी लॉटरी काढली. (आपल्याला तो मार्ग पटणारा नाही, पण झालं ते असं.) आज ते अभिमत विद्यापीठ आहे, तरी शिकवण्याची रीत जुनीच. वर्गाला कळरी म्हणतात. पहाटे अंधारात सराव सुरू होतो. कोणी डोळे गोल फिरवतंय, कोणी लाकडाच्या ठोकळ्यावर काठीने चेंड्याचे बोल घोटतंय. पावसाळ्यात कथकलीची मुलं अंगाला तेल लावून जमिनीवर झोपतात आणि गुरुजी पायांनी त्यांचं अंग रगडतात. आम्ही दारातून पाहिलं आणि आमचीच हाडं दुखली.

इथल्या खानावळीत वर्षानुवर्षं शाकाहारच असे. जुलै २०२४ मध्ये मुलांना चिकन बिर्याणी वाढली तेव्हा त्याची बातमी झाली. ती विय्यूरच्या तुरुंगातल्या स्वयंपाकघरातून आली होती. तेलाच्या मर्दनाच्या काळात मांसाहार नको, असं काही शिक्षकांचं म्हणणं होतं. मर्दन कसं असतं ते पाहिल्यावर त्यांचं म्हणणं अगदीच टाकाऊ वाटलं नाही.

अडचण दोन ठिकाणी होती. पहिली फजरची. गळ्याचा पहाटेचा रियाज आणि फजर एकाच वेळी. भाचीने आमच्या मध्यस्थीशिवाय गुरुजींना विचारलं. ते म्हणाले, “जा आणि परत ये. तुझ्यासाठी आम्ही थांबणार नाही, आल्यावर जिथे असू तिथून धर.” कोपऱ्यातल्या एका खोलीत तिने चटई ठेवली.

दुसरी अडचण मोठी. कथकलीत नट बोलत नाही. शब्द सगळे गायकांचे. नटाच्या मागे दोघे उभे राहतात, मुख्य पोन्नानी हातात चेंगिला घेऊन आणि दुसरा शिंकिडी झांजा घेऊन. कथा बहुतेक पुराणांतल्या, आणि प्रयोग पुष्कळदा देवळाच्या उत्सवात. शिकेल ती, पण गाईल कुठे?

हा प्रश्न इथे आधी एकाने जगून दाखवला आहे. कलामंडलम हैदरअली याच जिल्ह्यातले, १९४६ साली जन्मलेले, गरीब घरातले. १९५७ मध्ये ते इथे गाणं शिकायला आले. इथे शिकलेले लोक संस्थेचं नाव आपल्या नावाआधी लावतात. त्यांचंही तसंच, पुढे हैदरअली. कथकलीचे ते पहिले नावाजलेले मुस्लिम गायक. कळरीने त्यांना घेतलं, पण कित्येक देवळांच्या आवारात बिगरहिंदूंना प्रवेश नसे. एका ठिकाणी कुंपणाची भिंत पाडून रंगमंच बाहेर वाढवला. नट आत आणि हैदरअली बाहेरच्या भागात, असं गायन झालं, हे इथे आजही सांगतात. भिंत पाडणाऱ्यांचं कौतुक वाटतं. पण माणसाला आत घेण्यापेक्षा भिंत पाडणं सोपं गेलं, हेही मनातून जात नाही. २००६ च्या जानेवारीत मोटार अपघातात ते गेले.

भाचीला आम्ही हे सांगितलं तेव्हा तिला ते आधीच ठाऊक होतं. ती म्हणाली, “मामी, आधी एक पद तर नीट येऊ दे. भिंत मग बघू.” वंदनेच्या पदांबद्दल आपाशी फोनवर बराच वेळ बोलणं झालं. आपाचं मत: नलाची किंवा भीमाची कथा गा, ती कथा आहे, बाकी तुझं तू ठरव आणि ठरवलंस की गुरुजींना साफ सांग, लपवू नकोस. भाचीने सांगितलं. गुरुजींनी फक्त मान हलवली. त्या मानेचा अर्थ आम्हाला नक्की कळला नाही, पण दुसऱ्या दिवशी तिच्या हातात चेंगिला होती.

निघायच्या आदल्या रात्री उम्मांनी घड्याळाचा गजर स्वतःच्या खोलीत नेऊन ठेवला. भाचीला उठवण्याचं काम त्यांचं. आमच्यासाठी हुकूम निघाला: पहाटे साडेचार ते सात फोन करायचा नाही.