माहेरचा शेअर

२००७ च्या फेब्रुवारीत मी एका माणसाला फुकटचा सल्ला दिला होता. तो माणूस आता नाही, पण सल्ला अजून माझ्या मानगुटीवर बसलेला आहे. तो उतरावा म्हणून हे लिहितो आहे असं समजा. अर्थशास्त्र हा काही माझा विषय नव्हे. मी बी.ए. मराठीचा, पोट भरतो ते सरकारी फायलींवर. तेव्हा आकड्यांच्या जाणकारांनी सांभाळून घ्यावं.

२०२४ ची चवथ आटोपली आणि मी रजा टाकून इंदूरला गेलो. मुंबईला गाडी बदलून अवंतिका एक्सप्रेस, सकाळी इंदूर. तिथून रिक्षानं जुनी इंदूर. माझी आत्या १९६८ साली लग्न होऊन डिचोलीहून इथे आली ती इथलीच झाली. तिच्या मराठीत आता ‘मी जाऊन राहिले’, ‘तो बोलून राहिला’ असं सगळं चालतं, पण मासळीचा विषय निघाला की अचानक कोकणी बाहेर पडते. दारापुढे ओटला, आत चिंचोळं लांबच लांब घर, मागे न्हाणीची भिंत. ही भिंत लक्षात ठेवा, तिचं काम पुढे आहे. शनिवारी शनिमंदिराकडे जाणाऱ्यांची गर्दी घरासमोरून जाते आणि आत्या ओटल्यावर बसून ती मोजल्यासारखी बघत असते.

आत्याच्या यजमानांना आम्ही नाना म्हणत असू. एका कापडगिरणीत ते हिशेबनीस होते. नव्वदीच्या दशकात गिरणी मिटली आणि हातात जे काही यायला हवं होतं ते आलं नाही. ते एक वेगळंच प्रकरण आहे, असो. त्यानंतर नानांचं पेन्शन म्हणजे त्यांनी वेळोवेळी घेऊन ठेवलेले शेअर. त्या काळी इंदूरला स्वतःचा शेअर बाजार होता, मध्य प्रदेश स्टॉक एक्स्चेंज नावाचा. (सेबीनं २०१२ साली प्रादेशिक बाजारांसाठी बाहेर पडण्याचं धोरण आणलं आणि देशभरचे असे बाजार एकामागोमाग बंद झाले. हाही त्यातच गेला.) तिथल्या एका दलालाकडून नानांनी ऐंशीच्या दशकात सेझा गोवा कंपनीचे शेअर घेतले. कंपनीचा ताळेबंद वगैरे बघून नव्हे, तर नावात गोवा होतं म्हणून. आत्याला म्हणाले होते, ‘तुझ्या माहेराहून सोनं काही फारसं आलं नाही, आता माहेरची माती तरी घेऊन ठेवतो.’ तेव्हापासून घरात त्याचं नाव ‘माहेरचा शेअर’.

ही माती म्हणजे आमचं लोहखनिज. ज्यांनी गोवा फक्त किनाऱ्यावरून पाहिला आहे त्यांच्यासाठी थोडं सांगतो. आमच्या डिचोली, सत्तरी, सांगे, केपे या तालुक्यांच्या डोंगरांत जे खनिज आहे ते बहुतांशी हलक्या प्रतीचं आणि भुकटीच्या रूपातलं. देशातल्या पोलाद कारखान्यांना ते फारसं नको असायचं. ते ट्रकातून नदीकाठी, तिथून बार्जमधून मांडवी नाहीतर जुवारीवाटे मुरगावला, आणि तिथून आधी जपानला, पुढे चीनला. म्हणजे गोव्याच्या खाणींचं सगळं गणित निर्यातीवर. ही एक गोष्ट समजली की पुढचं सगळं समजतं.

२८ फेब्रुवारी २००७. चिदंबरम यांनी अर्थसंकल्प मांडला आणि लोहखनिजाच्या निर्यातीवर टनामागे ३०० रुपये शुल्क लावलं. टनामागे, हे नीट ऐका. खनिज उंची असो की हलकं, शुल्क तेवढंच. ज्याचा माल महाग विकतो त्याला ३०० रुपये चिमटा, आणि ज्याचा माल स्वस्त त्याला तोच चिमटा डागणीसारखा. गोव्याचा माल स्वस्तातला. त्या दिवशी सेन्सेक्स पाचशेहून अधिक अंशांनी पडला. आदल्या दिवशी शांघायचा बाजार कोसळला होता, त्यामुळे कुणामुळे किती पडलं ते वेगळं काढणं कठीण. पण खाणीच्या शेअरना विचारायला शांघायपर्यंत जायची गरज नव्हती.

रात्री नऊच्या सुमारास नानांचा फोन आला.

‘काय रे, तू सरकारात आहेस. हा कर टिकेल का?’

मी तेव्हा एलडीसी. वय एकोणतीस. सरकारात आहे म्हणजे आवक-जावक रजिस्टर माझ्याकडे होतं. पण एवढ्या लांबून, एवढ्या वडीलधाऱ्या माणसानं विचारलं म्हटल्यावर माझ्या अंगात एकदम अर्थसचिव संचारला. मी म्हटलं, ‘नाना, सरकारनं एकदा लावलेला कर मागे गेल्याचं मी तरी पाहिलेलं नाही. विकून टाका.’

नानांनी दुसऱ्या दिवशी निम्मे विकले. त्या पैशांत मागची न्हाणीची भिंत नव्यानं बांधून झाली.

मग काय झालं? एप्रिलच्या शेवटी वेदान्तनं मित्सुईकडून सेझा गोवाचा ५१ टक्के हिस्सा सुमारे ९८ कोटी डॉलर मोजून घ्यायचं जाहीर केलं. म्हणजे ज्या कराला घाबरून जुन्या इंदुरातल्या एका निवृत्त हिशेबनिसानं शेअर विकले, तोच कर डोळ्यांसमोर असताना लंडनच्या बाजारात नोंदलेली कंपनी तेच शेअर पोत्यानं विकत घेत होती! आणि मेच्या सुरुवातीला सरकारनं ६२ टक्के आणि त्याखालच्या लोहांशाच्या भुकटीवरचं शुल्क टनामागे ५० रुपयांवर आणलं. माझा ‘मागे न जाणारा’ कर दोन महिन्यांत मागे गेला. चीनची भूक वाढत होती, भाव चढत होते. २००८ साली विभाजन आणि बोनस मिळून सेझा गोवाच्या एका शेअरचे २० झाले. नानांनी विकलेल्यांचे किती झाले असते तो हिशेब मी कधी केला नाही. नानांनी केला असणार. हिशेबनीस माणूस, त्याला राहवणार नाही. पण मला एका शब्दानं बोलले नाहीत. उलट पुढच्या वेळी गेलो तेव्हा मला मुद्दाम मागे नेऊन भिंत दाखवली. म्हणाले, ‘बघ, पक्की झाली.’ यापेक्षा शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

त्या मुक्कामात एका रात्री ते मला सराफ्यात घेऊन गेले. दिवसा सोन्याचांदीचा बाजार, रात्री तिथेच खाण्याचा. भुट्ट्याचा कीस खाताखाता त्यांनी मला अफूची गोष्ट सांगितली. त्यांचे आजोबा म्हणे इंदूरच्या अफूच्या काट्यावर कारकून होते. तेव्हा मला ती गोष्ट म्हणजे म्हाताऱ्या माणसाचं विषयांतर वाटलं. नंतर पुस्तकं धुंडाळली तेव्हा कळलं की ते मुद्द्यालाच धरून बोलत होते.

माळव्याची अफू चीनला जायची. माळवा संस्थानिकांचा, तिथे इंग्रजांचं थेट चालत नसे. म्हणून त्यांनी युक्ती काढली: मुंबई बंदरातून जायचं तर पेटीमागे पासाचे पैसे भरा. अफू काट्यावर तोलायची, पैसे भरायचे, पास घ्यायचा. पण पासाचा दर वाढला की व्यापारी वाट वाकडी करत. कराचीमार्गे माल नेत आणि तिथून थेट दमणला. दमण कुणाचं? आमच्या फिरंग्यांचं! तिथे इंग्रजांचा पास लागत नसे. म्हणून १८३५ साली इंग्रजांनी दर खाली आणून १२५ रुपये केला. १८४३ मध्ये सिंध त्यांच्या घशात गेला, दमणची वाट बुजली, आणि चारपाच वर्षांत तोच दर ४०० रुपयांवर गेला. इंदूर-उज्जैनच्या सावकारांनी उद्याच्या अफूचे सौदे आज केलेले असत. दर बदलल्याची बातमी आली की कुणी वर, कुणी रस्त्यावर. नाना म्हणाले, ‘आमचे आजोबा म्हणत, कर जड असला तरी माणूस तोलून घेतो. पण काटाच हलत असला तर काय तोलणार?’

शेअर बाजाराचा विश्वास वगैरे जे वर्तमानपत्रं लिहितात ना, त्याबद्दल याहून सोपं मला अजून कुणी सांगितलेलं नाही. शेअरची किंमत म्हणजे काय, तर ही कंपनी पुढची दहावीस वर्षं किती कमावील याचा आज केलेला अंदाज. कर वाढला की तो अंदाज एकदा खाली येतो आणि तिथे स्थिर होतो. पण कर आज वर, उद्या खाली, परवा पुन्हा वर असा झाला की अंदाज करणाराच हात आखडतो, चांगल्या बातमीवरही. (बाजूला म्हणून सांगतो, जुन्या इंदुरातले राव नंदलाल मंडलोई यांना १७१६ साली जकातीतून सूट देणारी सनद मिळाली आणि त्यातून इथली व्यापारपेठ वाढली असं सांगतात. म्हणजे या गावाच्या नशिबात कराचा कागद पहिल्यापासूनच लिहिलेला.)

आणि काटा पुढे हललाच. २००८ मध्ये टनावारी शुल्क जाऊन किमतीच्या टक्केवारीवर १५ टक्के आलं, वर्ष संपायच्या आत मंदी आली म्हणून भुकटीला माफी, पुढच्या वर्षी पुन्हा ५ टक्के. २००९ मध्ये रॉयल्टीही टनावरून टक्क्यांवर आली, १० टक्के. २०११ च्या अर्थसंकल्पात निर्यात शुल्क २० टक्के, आणि त्याच वर्षाच्या अखेरीस ३०. यातली रॉयल्टी राज्याची, निर्यात शुल्क केंद्राचं. त्यामुळे डोंगर आमचा, धूळ आमची आणि वाटा दिल्लीचा, अशी एक कुरकुर आमच्याकडे कायम असायची. ती अगदीच खोटी नव्हती. पण सगळी खरीही नव्हती, कारण वाढीव भावाची मलई ज्यांनी खाल्ली ते काही दिल्लीत राहत नव्हते.

माझ्या धाकट्या भावानं २०१० साली कर्ज काढून ट्रक घेतला. गावात त्या वर्षी ज्याला त्याला ट्रक हवा होता. मी त्याला काहीही सल्ला दिला नाही. २००७ नंतर मी शपथच घेतली होती. आता वाटतं, तिथे तरी तोंड उघडायला हवं होतं. ७ सप्टेंबर २०१२ ला शहा आयोगाचा अहवाल संसदेत आला, १० तारखेला राज्य सरकारनं खाणी थांबवल्या, ५ ऑक्टोबरला सर्वोच्च न्यायालयानं बंदी घातली. आमच्या अंगणात ट्रक उभा राहिला तो उभाच. पहिल्या पावसाळ्यात त्याच्या हौद्यात पाणी साचलं, दुसऱ्या पावसाळ्यात गवत उगवलं. बंदी २०१४ च्या एप्रिलमध्ये उठली, पण २०१८ च्या फेब्रुवारीत न्यायालयानं ८८ लीज रद्द केले आणि मार्चमध्ये सगळं पुन्हा बंद.

नानांचा शेअरही २०१२ मध्ये पडला. पण शेअरला गवत उगवत नाही. कंपनी २०१३ मध्ये सेझा स्टरलाइट झाली, २०१५ मध्ये वेदान्त. तेल, जस्त, ॲल्युमिनियम, सगळं त्यात आलं. गोव्याची खाण बंद राहिली तरी शेअर चालत राहिला. मी एकदा रागानं नानांना म्हटलं, ‘तुमची माहेरची माती बरी, तिला माहेर नसलं तरी चालतं.’ ते गप्प राहिले. मग म्हणाले, ‘भावाचा हप्ता किती थकलाय?’ पुढच्या महिन्यात आत्याच्या नावानं भावाच्या खात्यात पैसे आले. नानांनी आणखी काही शेअर विकले होते, हे मला तेव्हा माहीत नव्हतं.

२०२२ च्या मे महिन्यात, २१ तारखेला शनिवारी संध्याकाळी, सरकारनं लोहखनिजावर ५० टक्के निर्यात शुल्क जाहीर केलं, पोलादाच्या बऱ्याच प्रकारांवर १५ टक्के. गोव्याच्या हलक्या खनिजाला २०१६ पासून माफी होती, तीही गेली. सोमवारी टाटा स्टील, जेएसडब्ल्यू स्टील यांसारखे मोठमोठे शेअर एका दिवसात १० टक्क्यांहून अधिक कोसळले. नाना ब्याऐंशीचे होते. फोन आला.

‘काय रे, टिकेल का?’

‘नाना, मी काही सांगत नाही.’

ते खो खो हसले. ‘यूडीसी झालास वाटतं!’

१९ नोव्हेंबर २०२२ पासून तो करही मागे गेला. सहा महिने टिकला नाही.

नाना २०२३ च्या पावसाळ्यात गेले. मी इंदूरला गेलो ते शेअर आत्याच्या नावावर करायच्या कागदांसाठी. त्यांच्या टेबलाच्या खणात डायऱ्या होत्या, वर्षावार दोऱ्यानं बांधलेल्या. २००७ ची सोडली. १ मार्चच्या पानावर लिहिलं होतं: सेझा ५० विकले. खाली दुरुस्तीचा खर्च, विटा, सिमेंट, गवंड्याची मजुरी. आणि कडेला बारीक अक्षरात: ‘विकायचे ठरवलेच होते. त्याला विचारले, बरे वाटले त्याला.’

मी ते पान बराच वेळ धरून बसलो होतो. सतरा वर्षं.

आत्या आतून पोहे घेऊन आली, वर सेव पेरलेली. तिनं सकाळचं वर्तमानपत्र माझ्यापुढे सरकवलं. राज्यांच्या खाणकराबद्दल काहीतरी होतं. सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी जुलैमध्ये ८ विरुद्ध १ असा निकाल दिला होता की रॉयल्टी म्हणजे कर नव्हे आणि खनिजांच्या हक्कांवर कर लावायचा अधिकार राज्यांना आहे. १४ ऑगस्टला म्हटलं, १ एप्रिल २००५ पासूनची थकबाकीही राज्यं मागू शकतील, मात्र ती १ एप्रिल २०२६ पासून बारा वर्षांच्या हप्त्यांत. खाण कंपन्यांच्या शेअरांत पुन्हा पळापळ झालेली होती.

‘वाचलंस?’ आत्या म्हणाली. ‘आता तू सांग. हे माहेरचे ठेवू की विकू?’

‘आधी इथे सही कर,’ मी म्हटलं, आणि फॉर्म तिच्यापुढे ठेवला.