बँकॉकला कायमचं राहायचं का?



आमचा थोरला गेली चार वर्षं बँकॉकला नोकरीला आहे. ठिबक सिंचनाचं काम. दर शब्बाथच्या आधी फोन करतो आणि दर फोनला तेच विचारतो, "आई, बाबा, तुम्ही दोघं अश्दोदला एकटे कशाला राहता? इकडेच या ना कायमचे." फोनवर "बघू" म्हणून वेळ मारून नेता येते. पण नात पाच वर्षांची झाली तेव्हा आम्ही ठरवलं की एकदा जाऊन नीट राहूनच बघावं. नोव्हेंबर २०२५ च्या दुसऱ्या आठवड्यात निघालो आणि जवळपास ऐंशी दिवस राहिलो. पर्यटक बघतात ते सोन्याचे बुद्ध आणि राजवाडे आम्हीही बघितले, पण त्यांचं वर्णन इथे करत नाही. त्याची रंगीत पुस्तकं मिळतात. परदेशी माणूस तिथे रोज कसा राहतो, त्याला काय काय करावं लागतं, ते सांगतो. पुष्कळांची मुलं-नातवंडं आता तिकडे जातात, त्यांना उपयोग होईल.

तेल अवीवहून विमान सरळ जातं, साधारण अकरा तास. विमानतळाचं नाव सुवर्णभूमी. मुलांनो, हे नाव आपल्यालाच कळतं बरं का! थाई भाषेत संस्कृतातून आलेले शब्द खच्चून भरलेत. नगराला ते नखोन म्हणतात, भाषेला फासा, आहाराला अहान, आणि शाळेतल्या बाईंना ख्रू, म्हणजे आपला गुरू. शाकाहारी जेवणाला 'मांगसविरात' म्हणतात. फोड करून बघा, मांस आणि विरती. नदीला 'मेनाम' म्हणतात, मे म्हणजे आई आणि नाम म्हणजे पाणी.

निघण्याआधी एक काम असतं. १ मे २०२५ पासून थायलंडला येणाऱ्या प्रत्येक परदेशी माणसाला आगमनाचं कार्ड कॉम्प्युटरवर भरावं लागतं. पोचण्याच्या आधीच्या तीन दिवसांत भरायचं, त्याला पैसे पडत नाहीत. पैसे मागणारी साइट दिसली की समजावं ही सरकारी नाही. सुनेनं आमचं दोघांचं भरून दिलं. विमानतळावर इस्रायली पासपोर्टावर साठ दिवसांचा शिक्का मिळाला.

शहरात आलो तर बरीच माणसं काळ्या कपड्यांत. राजमाता सिरिकित २४ ऑक्टोबर २०२५ ला वारल्या होत्या, त्यांचा दुखवटा चालू होता. राजघराण्याबद्दल तिथे थट्टेनंसुद्धा वेडंवाकडं बोलायचं नाही, कायद्यानं तुरुंग आहे. नोटेवर राजाचं चित्र असतं, म्हणून खाली पडलेली नोट पायानं अडवायची नाही. रोज सकाळी आठला आणि संध्याकाळी सहाला स्टेशनांत आणि बागांत राष्ट्रगीत लागतं. लुम्फिनी बागेत आम्ही पहिल्यांदा बघितलं तेव्हा गंमत वाटली. शेकडो माणसं पळत होती, गीत सुरू झालं आणि सगळी जागच्या जागी उभी. संपलं की पुन्हा पळायला लागली.

आता मुख्य गोष्ट, कागदपत्रं. तिथल्या परदेशी माणसांच्या गप्पा हवेवर सुरू होतात आणि तीन मिनिटांत व्हिसावर येतात. आपल्याकडे मिसराद हपनीमला कंटाळलेल्या लोकांनी हे ऐकावं.

पन्नाशीच्या वरच्या माणसाला निवृत्त म्हणून राहता येतं. त्यासाठी थाई बँकेत आठ लाख बाट ठेवायचे, नाहीतर महिना पासष्ट हजार बाट उत्पन्न दाखवायचं. अर्ज करण्याआधी दोन महिने पैसे बँकेत हवेत, मंजुरीनंतर तीन महिने हात लावायचा नाही, आणि पुढेही चार लाखांच्या खाली जाऊ द्यायचे नाहीत. हे दरवर्षी. शिवाय दर नव्वद दिवसांनी 'मी इथेच राहतो' असं सरकारला कळवायचं. नाही कळवलं तर दोन हजार बाट दंड. मुदत संपूनही राहिलात तर दिवसाला पाचशे. आणि घरमालकानं परदेशी भाडेकरू आल्याची वर्दी चोवीस तासांत द्यायची, त्या कागदाला टीएम ३० म्हणतात. मालक विसरला तर धावपळ भाडेकरूची. जमीन परदेशी माणसाच्या नावावर होत नाही. फ्लॅट घेता येतो, पण एका इमारतीतली एकूण ४९ टक्के जागाच परदेशी लोकांना.

सगळ्यात चमत्कारिक वाटला तो परत येण्याचा परवाना. वर्षाचा व्हिसा हातात असला, तरी देशाबाहेर पाऊल टाकण्याआधी हा परवाना काढायचा. एकदा जाण्यासाठी हजार बाट, कितीही वेळा जाण्यासाठी तीन हजार आठशे. तो नसताना गेलात तर व्हिसा तिथेच संपला. मुलाच्या इमारतीत एक वृद्ध युरोपियन गृहस्थ राहतात. त्यांचा भाऊ अचानक वारला, ते रात्रीच्या विमानानं निघाले. दुःखात परवान्याची आठवण कोणाला राहते? परत आले तेव्हा बारा वर्षांचं बस्तान असलेला माणूस विमानतळावर पर्यटक झाला होता. बँक, अर्ज, सगळं पहिल्यापासून. ही हकिगत ऐकून आम्ही दोघं बराच वेळ गप्प होतो. आमच्या वयाला अचानक निघण्याचे प्रसंग येतात ते असेच.

आमच्या साठ दिवसांची मुदत वाढवायला आम्ही चेंग वत्थनाच्या सरकारी कचेरीत गेलो. इमारत केवढी, तर आत हॉटेलं, दुकानं, सगळं. माणशी १,९०० बाट भरले की तीस दिवस वाढवून मिळतात. फॉर्म, फोटो, पासपोर्टच्या नकला आणि तो टीएम ३०. आमच्या मालकीणबाईंनी वर्दी वेळेवर दिली होती, त्यांचं कल्याण होवो.

खिडकीवरच्या मुलीनं पासपोर्ट बघितला, आमची तोंडं बघितली, पुन्हा पासपोर्ट बघितला. त्यात लिहिलंय नागरिकत्व इस्रायल, जन्म भारत. थाई लोक गोऱ्या परदेशी माणसाला 'फरांग' म्हणतात, आपल्या फिरंगीचाच भाऊबंद. पेरूलाही ते फरांगच म्हणतात, म्हणून फरांग फरांग खाताना दिसला की पोरं हसतात. आपल्यासारख्या भारतीय चेहऱ्याला मात्र 'खेक' म्हणतात. त्या शब्दाचा दुसरा अर्थ पाहुणा. तर ती मुलगी विचारते, "इंडिया?" आम्ही म्हटलं, जन्म तिकडचा, राहतो इस्रायलला. ती हसली आणि शिक्का मारला. १९६० च्या दशकात आम्ही लहानपणी आईबापांबरोबर आलो, तेव्हा इस्रायलमध्येही लोक असंच दोनदोनदा बघायचे. हिच्या हसण्यात खोच नव्हती, एवढा फरक.

शब्बाथची सोय चांगली आहे. सुखुमवित सोई २२ मध्ये बेथ एलिशेव्हा सिनेगॉग आहे आणि मुलानं घर मुद्दाम चालत जाता येईल असं घेतलंय. चालणं हीच काय ती परीक्षा. फुटपाथ उखडलेले, आणि त्यावरूनच मोटारसायकली येतात! आत गेल्यावर तेफिल्ला तीच, चाली मात्र आपल्या नाहीत. सूर्य तिथे वर्षभर जवळजवळ एकाच वेळी मावळतो, फार तर तासाभराचा फरक. आपल्याकडे उन्हाळ्यात शब्बाथ लागता लागत नाही आणि हिवाळ्यात धावपळ, तसं तिथे नाही. साडेपाचच्या सुमाराला दिवे लावायचे, झालं. किद्दूशला आम्ही घरच्यासारखं काळ्या मनुकांचं शरबत केलं. नातीला ते इतकं आवडलं की ती रविवारी सकाळीही किद्दूश मागायची.

खाण्याचं सांभाळावं लागतं. भाजीतसुद्धा माशाचं पाणी नाहीतर सुकी कोळंबी वाटून घालतात. पिवळ्या झेंड्यावर लाल अक्षरात 'जे' लिहिलेलं दुकान असेल, तर तिथे मांस, मासे, अंडी, दूध काही नसतं. नातवंडांना हा झेंडा ओळखायला शिकवून पाठवा.

पण खरी मजा आली ती नारळाची. मांसाबरोबर दूध चालत नाही म्हणून आपल्या बायकांनी पिढ्यान् पिढ्या नारळाच्या दुधात रस्सा केला. तिथे सगळा देशच नारळाच्या दुधात रांधतो. रस्त्यावर बायका 'खनोम क्रोक' करतात, तांदळाचं पीठ आणि नारळाचं दूध, आणि भांडं पाहिलं तर हुबेहूब आपलं आप्पेपात्र! चायना ग्रास आणि नारळाच्या दुधाच्या वड्याही मिळतात, त्यांना 'वुन काथी' म्हणतात. एक तुकडा तोंडात टाकला आणि रोश हशानाचा हलवा आठवला. हिचं मत, आपला जास्त चांगला. माझंही तेच, पण ते बायकोसमोर बोललेलं आहे हे लक्षात घ्यावं.

मुलाच्या घरी आम्ही मलिदा केला. पोहे आणायला फाहुरातला गेलो, तिथे भारतीय लोकांची पेठ आहे, कापडाची दुकानं आणि गुरुद्वारा. पोहे मिळाले. पण नातीला सांभाळणाऱ्या बाईनं ते बघून सांगितलं, आमच्याकडेही असतात, कोवळा भात कांडून करतात, नाव 'खाव माव'. दुसऱ्या दिवशी ती घेऊनच आली. हिरवट, मऊ, वासाला सुरेख. मलिद्याच्या ताटात आम्ही दोन्ही घातले. एलियाहू हन्नावीनं बँकॉकच्या बाराव्या मजल्यावर कधी हजेरी लावली असेल, तर त्याच दिवशी.

एका रविवारी मे क्लोंगला गेलो. रेल्वेच्या रुळांवरच भाजीबाजार भरतो, गाडी आली की छत्र्या मिटतात, गेली की उघडतात. पोरांनी बघण्यासारखं आहे. आम्हांला मात्र जाताना दिसलेली मिठागरं धरून राहिली. सपाट चौकोन, मिठाचे ढीग, मागे माड. मोटार थांबवून उतरलो. लहानपणी अलिबागकडे जाताना पेणच्या बाजूला हेच दिसायचं. सुनेला वाटलं आम्हांला ऊन लागलं, तिनं पाण्याची बाटली पुढे केली.

परतीच्या टॅक्सीवाल्यानं आम्हांला हिब्रू बोलताना ऐकलं आणि मागे वळून म्हणाला, "मा निश्मा?" आम्ही थक्क. तो उदोन थानीचा, पाच वर्षं अरावातल्या मोशावात मिरच्या काढायला होता. त्या पैशात गावी घर बांधलं. 'बेसेदेर' आणि 'बालागान' हे दोन शब्द आपण अजून घरी वापरतो म्हणाला. मग युद्धाचा विषय निघाला. ७ ऑक्टोबर २०२३ ला गाझाजवळच्या शेतांवर काम करणारे कितीतरी थाई मजूर मारले गेले, कित्येकांना ओलीस नेलं. जिवंत राहिलेले शेवटचे पाच ३० जानेवारी २०२५ ला सुटले. त्याच्या गावाजवळचा एक मुलगा परत आलाच नाही. असं असूनही त्याचा धाकटा भाऊ इस्रायलला जायचा अर्ज भरून बसलाय. आम्ही काय बोलणार? भाऊ आला तर जेवायला पाठव म्हणून आमचा पत्ता लिहून दिला.

सैन्यातून सुटलेल्या नातवंडांसाठी तीन गोष्टी. मोटारसायकलचं लायसन्स नसताना ती भाड्यानं घेऊन पडलात, तर विमा कंपनी सहसा पैसे देत नाही, आणि खाजगी इस्पितळाचं बिल घरी येतं. वाफेची सिगारेट तिथे बेकायदेशीर आहे, नेऊच नये. गांजा २०२२ मध्ये खुला झाला होता, पण जून २०२५ पासून डॉक्टरच्या चिठ्ठीची अट घातली आहे. जुन्या मित्रांचं ऐकून जाऊ नये.

तर कायमचं राहायचं का? शेवटच्या आठवड्यात आम्ही दोघांनी आणि मुलानं बसून हिशेब केला. एकाच्या नावानं आठ लाख बाट ठेवले तर दुसऱ्याला जोडीदार म्हणून राहता येतं, ते जमलं असतं. पण कुपत खोलीम देशाबाहेर चालत नाही आणि आमच्या वयाला, रक्तदाब-साखर असताना, विम्याचे आकडे ऐकून मुलगाही गप्प झाला. जानेवारीत हवा धुरकट होते, हिला खोकला आला तो पंधरा दिवस गेला नाही. आणखी एक गोष्ट, ती मुलासमोर काढली नाही. चारोएन क्रुंग रस्त्याला ज्यू दफनभूमी आहे, लहानशी. जागा वाईट नाही. पण आमचे आईवडील अश्दोदला आहेत.

दुसऱ्या बाजूला नात. बापाशी हिब्रू, शाळेत इंग्रजी, सांभाळणाऱ्या बाईशी थाई. आम्ही गेलो तेव्हा सफ्ता आणि सबा म्हणत होती. निघताना आजी आणि आजोबा म्हणायला लागली होती, आणि "पाणी दे", "इकडे ये", "नको जाऊ" एवढं मराठी तिला स्वच्छ येत होतं.

शेवटी असं ठरलं की कायमचं जायचं नाही, पण दर वर्षी सुक्कोथ झाला की हिवाळाभर जायचं आणि धूर वाढायच्या आत परतायचं. मुलाला हे पटलेलं नाही. अजूनही दर शब्बाथच्या आधी फोन येतो आणि तो तेच विचारतो. फक्त आता फोन नात ओढून घेते आणि तिला रोज एक नवा मराठी शब्द हवा असतो. परवा तिनं 'मिठागर' घेतला.