नक्षी शाबूत होती

मागचं आतलं चाक तपासायला गाडीखाली आडवं पडावं लागतं आणि त्या दिवशी ड्राइव्हवेवर चिखल होता. माझ्या सगळ्या चुकांची सुरुवात एवढ्याशा कारणानं झाली.

2019चा एप्रिल. मॅसॅच्युसेट्समधल्या श्रूजबरीत बर्फ नुकताच वितळला होता. जूनमध्ये आबा गावाहून येणार होते आणि त्यांना मेनमधल्या अकेडिया नॅशनल पार्कचा समुद्र दाखवायचं माझ्या मनात होतं. हॉटेलात आबांचा जीव रमत नाही आणि भाकरीशिवाय तिसरा दिवस निघत नाही. म्हणून 2006 सालचं एक जुनं मोटरहोम बघायला गेलो. फोर्डच्या ई-450 चासीवरचं, ड्रायव्हरच्या डोक्यावर पलंग असलेलं. पुढे दोन चाकं, मागे दोन्ही बाजूंना जोडचाकं, म्हणजे टायर सहा.

मी अगदीच अडाणी नव्हतो. टायरवर डीओटीनं सुरू होणारा क्रमांक असतो आणि त्याच्या शेवटच्या चार आकड्यांत टायर बनल्याचा आठवडा नि वर्ष असतं, एवढं वाचून गेलो होतो. पुढच्या टायरवर 1416 होतं: 2016चा चौदावा आठवडा. तीनच वर्षांचे! मागच्या टायरवर मात्र क्रमांक अर्धाच दिसला. पूर्ण क्रमांक टायरच्या एकाच बाजूला छापतात आणि इथं ती बाजू आत वळली होती. बघायचं तर खाली झोपायला हवं होतं. मी ठरवून टाकलं की सहाही एकाच वेळी बदलले असणार. नक्षी तर नव्यासारखी होती.

जुलैत आबांनीही गाडीभोवती एक फेरी मारली. वाळवा तालुक्यात त्यांनी तीस वर्षं ट्रकनं ऊस ओढलाय, त्यामुळे त्यांचं मत म्हणजे आमच्या घरात सुप्रीम कोर्ट. नक्षीत बोट घालून म्हणाले, “ह्यांना काय झालंय? अजून दोन हंगाम निघतील.”

आबांच्या ट्रकपुरतं ते खरंच होतं. तिथं टायर म्हातारा व्हायच्या आधीच गोटा होतो, मग रिमोल्ड होतो, मग परत गोटा होतो. त्याचं वय विचारायची वेळच येत नाही. मोटरहोमचं उलटं. वर्षाला चार हजार मैलसुद्धा होत नाहीत आणि नोव्हेंबर ते एप्रिल गाडी एका जागी उभी. रबराला तडे जाऊ नयेत म्हणून त्यात मेण मिसळलेलं असतं. चाक फिरलं, रबर दबलं-सुटलं, की ते मेण पृष्ठभागावर येतं. उभ्या गाडीत ते येत नाही आणि ऊन व हवेतला ओझोन आपलं काम करत राहतात. वरून नक्षी शाबूत, आत म्हातारपण. टायर किती वर्षं वापरावा यावर कंपन्यांचं एकमत नाही. फोर्ड सहा वर्षांनी बदला म्हणते. मिशेलिन म्हणते, पाच वर्षांनंतर दरवर्षी तपासून घ्या आणि दहा वर्षं झाली की कसाही दिसला तरी काढा.

ऑगस्टमध्ये निघालो. लोवेलच्या अलीकडे, 495 हायवेवर, मागे कुणी पत्रा बडवावा तसा आवाज सुरू झाला. गाडी डावीकडे ओढली गेली. कशीबशी कडेला घेतली. डाव्या आतल्या टायरची नक्षीची अख्खी पट्टी सुटून फिरत होती. तिनं चाकावरचा पत्रा फाडला होता, मागच्या दिव्यांच्या वायरी तोडल्या होत्या आणि सिंकच्या सांडपाण्याची नळीही उखडली होती. सकाळच्या पोह्यांची भांडी धुतलेलं पाणी हायवेवर ठिबकत होतं. धाकटी रडत होती. आबा काहीच बोलत नव्हते, हे जास्त वाईट होतं.

मी डॅशबोर्डकडे बघत होतो. दिवा का लागला नाही? फोर्ड एक्स्प्लोररवरच्या फायरस्टोन टायरांच्या अशाच पट्ट्या सुटून माणसं मेली, 2000 साली सुमारे 65 लाख टायर परत मागवले गेले आणि त्यातून झालेल्या कायद्यामुळे गाड्यांत हवा कमी झाल्याचं सांगणारा दिवा सक्तीचा झाला. पण ती सक्ती 10 हजार पाउंड वजनापर्यंतच्या गाड्यांना आहे आणि जोडचाकांच्या गाड्या त्यातूनही वगळल्या आहेत. आमचं धूड दोन्ही बाजूंनी नियमाबाहेर. मला सवय होती रोजच्या कारची. दिवा नाही म्हणजे सगळं ठीक, असं समजून आतल्या चाकाची हवा मी चार महिन्यांत एकदाही मोजली नव्हती.

टायरवाला आला. त्यानं चाक उतरवलं तेव्हा क्रमांक दिसला: 4109. दहा वर्षांचा. तो म्हणाला, निदान ही जोडी तरी बदल. मी हिशेब केला, पुढचं बुकिंग आठवलं आणि सांगितलं, एकच टाक.

चूक म्हणायचीच तर याला म्हणावं. आधीचा आळस होता. इथं तर आकडा समोर होता. जोडीतले दोन टायर उंचीनं सारखे लागतात. एक नवा भरलेला नि दुसरा झिजलेला असला की उंच असलेला जास्त ओझं घेतो. बैलजोडीत एक बैल खांद्यानं मोठा असावा तसं. अकेडियाजवळच्या बार हार्बरला पोचल्यावर नव्या टायरला हात लावला, तर हात ठेववेना. आम्ही सहाजण त्यावर अडीचशेहून जास्त मैल आलो होतो. परतीला ताशी 50 मैलांच्या वर गेलो नाही. मागचे ट्रकवाले काय बोलत असतील ते ऐकू येत नव्हतं, एवढंच बरं.

घरी आल्यावर मंडळाच्या गणपतीत सगळ्यांनी विचारलं. मी सांगितलं, रस्त्यावर लोखंडाचा तुकडा पडला होता. आबा शेजारीच बसले होते. त्यांनी प्रसादाची वाटी संपवली आणि उठून गेले.

मग सहाही टायर घ्यायचे ठरले, आणि आता मी पैसे वाचवायला निघालो. माप एलटी 225/75 आर 16. त्याच मापाचे, ओळखीच्या ब्रँडचे, सहा टायर दोनशे डॉलर कमी किमतीत मिळत होते. मागवले. दुकानदारानं खोकं बघितलं आणि बसवायला नकार दिला. माप तेच, पण ताकद ‘डी’ दर्जाची; माझ्या गाडीला ‘ई’ हवी. ‘ई’ टायर 80 पीएसआय हवेवर जोडचाकात 2,470 पाउंड पेलतो, ‘डी’ 65 पीएसआयवर 2,150. म्हणजे मागच्या चार चाकांवर 9,880 किंवा 8,600. त्यानं विचारलं, तुझ्या मागच्या आसावर वजन किती? मला माहीत नव्हतं.

ज्याचं बालपण साखर कारखान्याच्या वजनकाट्यासमोर रांगेत गेलं त्या माणसानं गाडी कधी काट्यावरच चढवली नव्हती! स्टरब्रिजकडे ट्रकस्टॉपवर काटा आहे, घरापासून अर्ध्या तासावर. प्रवासाला भरतो तशी गाडी भरली. पाण्याची 40 गॅलनची टाकी, तीच 330 पाउंडांची. दोन कुकर, कणकेची 20 पाउंडांची पिशवी, तांदूळ, खुर्च्या आणि आम्ही सगळे. मागचा आस: 9,140 पाउंड. त्या स्वस्त टायरांवर आम्ही साडेपाचशे पाउंड जास्त लादणार होतो. ते परत पाठवायच्या खर्चात वाचलेले दोनशे डॉलर गेले.

आमच्या गावातून जुना बॉस्टन पोस्ट रोड जातो. अमेरिकन स्वातंत्र्ययुद्धात हेन्री नॉक्सनं टिकाँडरोगा किल्ल्यावरच्या तोफा 1776च्या जानेवारीत याच वाटेनं बर्फावरून ओढत नेल्या, त्याचा स्मृतिदगड गावात आहे. नॉक्स पंचविशीतला पुस्तकविक्रेता होता, लष्करातला अनुभव बेताचाच. पण त्यानं निघण्याआधी यादी केली होती, त्यात तोफांची वजनं मांडली होती. एकूण जवळपास साठ टन. त्या दगडावरून मी वर्षानुवर्षं जातोय.

‘ई’ टायर बसवताना मी सहाही टायरांचे आठवडे दुकानातच वाचून घेतले. आतल्या व्हॉल्व्हला बाहेरून हवा मोजता येईल अशा नळ्या लावून घेतल्या. आबा तोवर गावी गेले होते. फोनवर 4109चा अर्थ सांगितला. ते म्हणाले, “मग तवा का नाही बोललास?” यावर उत्तर दिलं नाही.

2022मध्ये मंडळातल्या एका मित्रानं मोटरहोम घ्यायचं ठरवलं आणि बघायला मला सोबत नेलं. पुन्हा एप्रिल, पुन्हा चिखल. मी जुनी सतरंजी अंथरली आणि बॅटरी घेऊन खाली शिरलो. वरून तो म्हणाला, “कशाला एवढं? तुझ्या टायरला तर रस्त्यावरचं लोखंड लागलं होतं ना?”

आतल्या टायरवरचा चिखल मी अंगठ्यानं पुसला. आकडे दिसले.

“लोखंड नव्हतं रे,” मी खालूनच म्हणालो. “लिहून घे. शून्य, नऊ, एक, दोन.”