वडगावचं शिवार आणि कोळंबीची टरफलं

बेळगावला आलात तर आमच्या वडगावात जरूर या. गल्ल्यांतून मागांची खटखट ऐकू येते आणि घरं संपली की येळ्ळूरच्या दिशेने भाताचं शिवार दिसतं. समुद्र घाटाखाली, शंभरहून जास्त किलोमीटरवर. तरी रविवारी मासळीच्या दुकानापुढे गर्दी असतेच.

कोळंबी सोलली की डोकी आणि टरफलं कचऱ्यात जातात. वजनाने हा जवळजवळ निम्मा माल! किनाऱ्यावरच्या प्रक्रिया कारखान्यांत तर त्याचे ढीग लागतात. त्यात प्रथिनं असतात आणि अ‍ॅस्टाझँथिन हे रंगद्रव्यही; शिजलेली कोळंबी लाल दिसते ती त्याच्यामुळेच. टरफलातला चुना आम्लाने आणि प्रथिनं अल्कलीने काढली की कायटिन उरतं. त्यापासून कायटोसान बनतं आणि ते रक्तस्राव थांबवणाऱ्या पट्ट्यांत वापरतात. कोचीच्या केंद्रीय मात्स्यिकी तंत्रज्ञान संस्थेने यावर बरंच काम केलं आहे.

अडचण वेळेची आहे. टरफलं काही तासांतच कुजू लागतात आणि मग आतला ऐवजही वाया जातो. म्हणून असा कारखाना बंदराजवळच हवा. वडगावात आपण काय करायचं? ताजी डोकी उकळून, गाळून त्या पाण्यात कालवण करायचं. उरलेली टरफलं परसात खोल पुरायची. त्यातला नत्र आणि चुना हळूहळू मातीला मिळतो. गटारात टाकली, तर मिळते फक्त दुर्गंधी.