पालै

तमिळ काव्यशास्त्राने वाळवंटाला स्वतःची भूमी दिलेली नाही. ‘तोल्काप्पियम्’ हा ग्रंथ डोंगर, रान, शेतशिवार आणि सागरतीर असे चार प्रदेश मानतो. पाचव्या ‘पालै’च्या वाट्याला विरह येतो, प्रदेश येत नाही. ‘शिलप्पदिकारम्’ तिची उत्पत्ती सांगते ती अशी : उन्हाच्या तापाने डोंगर आणि रान आपला स्वभाव हरवून बसले, की त्यांचीच पालै होते. वाळवंट ही अशा रीतीने भूमीवर ओढवणारी दशा ठरते.

चेन्नईच्या दक्षिणेस, जुन्या महाबलिपुरम् रस्त्यालगतचे सिरुसेरी आज माहिती-तंत्रज्ञान उद्यानामुळे ओळखले जाते. जेथे इमारती उठल्या नाहीत, तेथे चैत्रात रेताड, काटेरी माळ उरतो. माणदेशातून आलेले एक वृद्ध गृहस्थ रोज पहाटे या माळावरून कुत्र्याला घेऊन चालतात. कुत्रा मुलाचा. ज्या नोकरीने मुलाला येथे आणले, तिनेच त्याला पुढे परदेशी नेले. वडील आणि कुत्रा मागे राहिले. धर्मराजामागून श्वान चालला होता. येथे श्वान पुढे असतो आणि वाट तोच ठरवतो.

माळावरची फुले मात्र परकी नाहीत. पिवळ्याधमक तरवडाला येथे ‘आवारम्’ म्हणतात. त्याच्या सालीने चामडे कमावण्याची रीत दोन्हीकडची. रुईही तीच. गावाकडे तिची पाने शनिवारी मारुतीला वाहतात. प्राचीन तमिळ काव्यातला हताश प्रियकर तिच्या कळ्यांची माळ घालून, ताडाच्या झावळ्यांच्या घोड्यावर बसून गावातून फिरेन, असे म्हणतो.

पालैच्या कवितेत केवळ प्रियकर-प्रेयसीच बोलतात असे नाही. प्रियकराबरोबर निघून गेलेल्या मुलीचा चेंडू आणि बाहुली पाहून आई शोक करते. दाई तिला शोधत रखरखीत वाटेने जाते आणि भेटेल त्याला विचारते. पित्याला मात्र ‘तोल्काप्पियम्’ने वाणी दिलेली नाही. त्याचे म्हणणे इतरांनी सांगावे; त्याने स्वतः बोलू नये, असा दंडक आहे. हा नियम करणाऱ्याने घरातले बाप नीट पाहिले असावेत. रविवारी परदेशातून दूरध्वनी येतो, तेव्हा हे गृहस्थ कुत्र्याने काय खाल्ले, पायातला काटा कसा निघाला, हे तपशिलाने सांगतात. ‘तुम्ही कसे आहात?’ या प्रश्नाला उत्तर येते, ‘तो आता झोपलाय.’ मुलालाही त्याचा अर्थ कळतो. तो पुन्हा कुत्र्याविषयीच विचारतो.

पालैचा प्रहर शास्त्राने भर दुपारचा सांगितला आहे. पहाटे वाळू गार असते, तरवडावर मधमाश्या येऊ लागतात आणि कुत्रा प्रत्येक झुडपापाशी थांबतो. गृहस्थ साखळी सैल सोडून उभे राहतात. ऊन चढायला अजून अवकाश असतो.