छापून होईपर्यंत

गुडघ्याचं ऑपरेशन झालं तेव्हापासून कॅमेरा भाचीच्या गळ्यात आणि मी प्रिंटरच्या टेबलावर. रिसेप्शनला स्टेजपासून लॉनच्या गेटपर्यंत येरझाऱ्या घालणं आता होत नाही, खुर्चीत बसून फोटो छापणं होतं, इतका सरळ हिशेब. पूर्वी टेबलावर हाताखालचा पोरगा असायचा. तो तिथे काय करतो हे मी कधी वळून पाहिलं नव्हतं. रात्री गल्ला मोजताना गाठ पडायची, तेवढीच. फोटो घेणाऱ्याला फोटो विकला जाताना दिसत नाही. तो तोवर पुढच्या कुटुंबाला 'जरा जवळ या, काकू' म्हणत असतो.

आता मला दिसतो. आणि गेले दोन लग्नसराईचे हंगाम मी एकाच गोष्टीच्या मागे लागलोय: माणसाला फोटोसाठी किती वेळ उभं ठेवायचं?

आमच्याकडे दोन प्रिंटर आहेत. एक डीएनपीचा, चौदा किलोचा. एका रोलवर चार बाय सहाचे सातशे फोटो आणि एका फोटोला बारा-तेरा सेकंद. दुसरा कॅननचा छोटा. त्याच्या ट्रेमध्ये अठरा कागद मावतात, रिबन छत्तीस फोटोंना पुरते, आणि एक फोटो व्हायला पाऊण मिनिट लागतं. काम दोघांचं एकच. पिवळा, मॅजेंटा, सायन आणि शेवटी वरचा पारदर्शक थर, असा कागद चार वेळा रिबनखालून जातो. मोठ्या यंत्रात हे सगळं पोटात उरकतं आणि फोटो तयार होऊनच बाहेर पडतो. छोट्यात मात्र कागद दर खेपेला बाहेर डोकावतो. पहिल्या खेपेला सगळं घर हळद लागल्यासारखं पिवळं. पोरं ओरडतात, 'आजी बघ, तू पिवळी!' दुसऱ्या खेपेला चेहऱ्यांवर लाली चढते, ओठ आणि कुंकू वर येतं. तिसऱ्या खेपेला केस काळे होतात, पैठणीचा हिरवा हिरवा होतो, आणि माणसं आपापली दिसायला लागतात. चौथ्या खेपेला काहीच बदलत नाही, फक्त चकाकी येते. पण तोवर आजोबांचा हात खिशात गेलेला असतो.

हे पाहिल्यावर मला वाटलं, सुटलं कोडं: छोटा प्रिंटर पुढे ठेवायचा. पण ते इतक्यात सुटत नाही. रिसेप्शनला माणूस स्टेजवरून उतरतो तो पाकीट देऊन मोकळा झालेला आणि भुकेला. त्याच्या आणि बुफेच्या मध्ये तुम्ही पाऊण मिनिट उभे राहिलात, तर तो तुमच्या डोक्यावरून पनीरकडे पाहतो. त्याच्यामागे चार कुटुंबं थांबली की ते पाऊण मिनिट तीन मिनिटांचं होतं आणि 'जेवून येतो' ऐकू येतं. जेवून कोणी येत नाही. टेबल जेवणानंतर, पानाच्या काउंटरशेजारी लावलं, तर माणूस निवांत असतो, पण घरातली निम्मी मंडळी गाडीत जाऊन बसलेली असतात आणि हॉर्न वाजत असतो. शाळेच्या गॅदरिंगला उलटं. तिथे मावळा किंवा झाशीची राणी झालेलं पोर मेकअप उतरायच्या आत फोटो मागतं, आईबापांना घाई नसते, आणि पाऊण मिनिटाचं सोनं होतं.

मोठा प्रिंटर लावला की रांग पळते. फोटो पडतो, मी देतो, ते पाहतात, 'मी किती जाड दिसतेय' म्हणतात आणि परत ठेवतात. तयार वस्तू हातात आली की माणूस तिची परीक्षा घेतो. समोर होत असलेल्या वस्तूची घेत नाही. ती पूर्ण कधी होते याची वाट पाहतो. निदान मला असं वाटतं. भाचीला वाटत नाही. तिचं म्हणणं, मामा, मोठ्यावर तासाला फोटो किती निघतात ते बघा. ते मी बघितलंय. तिचा आकडा बरोबर आहे.

जागेवर फोटो ही काही आजची टूम नाही. कोर्टाबाहेर पेटीवाले फोटोग्राफर बसत. पेटीच कॅमेरा, पेटीच डार्करूम. बाहीतून हात घालून कागदी निगेटिव्ह आतच धुवायचं, मग ते भिंगासमोर धरून त्याचा पुन्हा फोटो काढायचा, की झालं पॉझिटिव्ह. गिऱ्हाईक शेजारी उभं राहून सगळं बघत असे. आम्ही स्टुडिओवाले मात्र 'परवा या' म्हणायचो. लाल दिव्याखाली डिशमध्ये चेहरा उमलायचा, ते सुख आम्ही एकट्याने घेतलं. १९७२मध्ये पोलरॉइडने एसएक्स-७० आणला तेव्हा ते सुख पुन्हा गिऱ्हाईकाच्या तळहातावर, उजेडात आलं. २००८मध्ये त्यांनी इन्स्टंट फिल्म बनवणंच थांबवलं. मुंबईला गेटवेवर आज जे फोटोग्राफर कॅमेऱ्याबरोबर प्रिंटर घेऊन फिरतात, त्यांना आमचे स्टुडिओवाले फेरीवाले म्हणून हसतात. मी हसत नाही. उन्हात, गर्दीत, दुसरीकडे बघत चालणाऱ्या माणसाला जो थांबवतो, त्याला थांबवण्याबद्दल माझ्यापेक्षा जास्त कळतं.

छोट्या प्रिंटरचे ताप वेगळेच. कागद बाहेर येतो म्हणजे धूळ खातो. पहिल्या खेपेआधी कण बसला तर पांढरा ठिपका. पिवळा आणि मॅजेंटा होऊन सायनच्या वेळी बसला, तर लाल ठिपका, तोही नेमका नवरीच्या गालावर. स्टेजवर धूर सोडायला आणि कागदाचे तुकडे उडवायला लागले की मी प्रिंटरवर ओढणी धरतो. आणि वीज. एकदा विश्रामबागेकडच्या लॉनवर जनरेटरचा चेंजओव्हर नेमका दुसऱ्या खेपेनंतर झाला. फोटोत एक म्हातारं जोडपं, सगळं नारिंगी-लाल, सावल्यांत काळा रंगच नाही. मी दुसरा काढतो म्हटलं. बाई म्हणाल्या, 'राहू दे, हाच द्या. लग्नात असेच दिसत होते हे.' पैसे घेतले नाहीत, तर रागावल्या.

आता स्पर्धेबद्दल बोलायला हवं. तीनशेसाठ डिग्रीवाल्या फिरत्या दांड्याबद्दल माझी तक्रार नाही; तो पाळण्याचा धंदा आहे, फोटोचा नाही. चेहरा ओळखून फोनवर फोटो पाठवणारी सोय उत्तम आहे, भाचीने ती आपल्याकडेही आणली आणि यजमान खूश आहेत. माझा राग फुकट प्रिंटवर आहे. यजमान पॅकेज घेतो, पाहुण्यांना कितीही फोटो मोफत. रात्री मांडववाले खुर्च्या उचलतात तेव्हा खाली पाहावं: ते फुकटचे फोटो सरबताच्या कपांबरोबर पडलेले असतात. शंभर रुपये देऊन घेतलेला फोटो खुर्चीखाली पडलेला मी अजून पाहिलेला नाही. पर्समध्ये जाण्याआधी तो दोनदा तरी बाहेर काढला जातो.

रात्री वापरलेली रिबन मी तशी कचऱ्यात टाकत नाही. ती उलगडून ट्यूबलाइटसमोर धरली, तर प्रत्येक चेहरा तिच्यावर तीनदा राहिलेला असतो, पिवळ्यात, मॅजेंटात, सायनमध्ये, उजेड-अंधार उलटा होऊन. जितका रंग कागदावर गेला तितका रिबनवरून उडालेला. लोकांची बायकापोरं अशी घंटागाडीत जाऊ नयेत म्हणून कात्रीने तुकडे करतो. भाची म्हणते, कोण बघणार आहे? मी बघतो ना.

परवा तिने हिशेब मांडला. छोट्यावर दर फोटोमागे खर्च जास्त, रांग अडते, माणसं परत जातात. गॅदरिंगला ठेवू, रिसेप्शनला बंद करू. मी म्हटलं, म्हाताऱ्या माणसांना तो आवडतो. आजीआजोबांना तो आवडतो हे खरंच आहे, पण ते कारण मी पुढे केलं, एवढंच. कॅमेरा हातात होता तोवर लग्नातलं प्रत्येक माणूस निदान एकदा माझ्याकडे बघून हसायचं. मला त्याची सवय लागली होती. ते लेन्सकडे बघत होते हे डोक्याला कळतं. मोठ्या प्रिंटरमागे बसलेल्या माणसाकडे कोणी बघत नाही. हात पुढे येतो, फोटो उचलतो, जातो. छोटा लावला की सात-आठ जण टेबलाभोवती कोंडाळं करतात आणि मी 'आता लाल येणार बघा' म्हटलं की खरंच येतो. त्या पाऊण मिनिटाचा धनी मी असतो.

हे तिला सांगितलं नाही. एवढंच म्हटलं, छोट्याचा जो काही जादा खर्च येईल तो माझ्या वाट्यातून काप. तिने लगेच वहीत लिहून घेतलं.