दोन खटके, दोन चिठ्ठीबुके

आमच्या पेढीवर नव्याने येणारा माणूस एक प्रश्न हमखास विचारतो. गादीशेजारच्या मेजावर डिलिव्हरीच्या चिठ्ठ्यांची दोन बुके ठेवलेली असतात. एकाच्या पुठ्ठ्याला गोणपाट चिकटवलेले, हाताला खरखरीत लागणारे. दुसऱ्याचा पुठ्ठा गुळगुळीत रेक्झिनचा. पहिले अडतीच्या मालाचे, दुसरे घरच्या मालाचे. 'शेट, एकाच पेढीची बुके अशी दोन तऱ्हांची का?' या प्रश्नावर मी हसून विषय बदलतो. कारण उत्तर द्यायचे तर विमानापासून सुरुवात करावी लागते, आणि हळदीच्या सौद्याला आलेल्या माणसाला विमानाची गोष्ट ऐकण्याइतकी सवड नसते. ती गोष्ट आज या पानांतून सांगतो.

विमानांचे वेड मला बाराव्या वर्षी लागले. १९७१ च्या उन्हाळी सुट्टीत मी सांगलीहून मामांकडे पार्ल्याला गेलो होतो. त्याच वर्षी एअर इंडियाचे पहिले बोइंग ७४७ मुंबईत दाखल झाले होते. त्याचे नाव 'एम्परर अशोक'. एके संध्याकाळी मामांच्या गच्चीवरून ते उतरताना पाहिले आणि हातातला पेरू हातातच राहिला. खिडक्यांभोवती राजवाड्याच्या झरोक्यांसारख्या कमानी रंगवल्या होत्या, हे पुढे चित्रांत पाहिले. परत येताना फोर्टमधल्या फूटपाथवरून विमानांची दोन जुनी मासिके घेतली आणि कात्रणांची वही सुरू झाली. अण्णांनी ती पाहिली तेव्हा ते एवढेच म्हणाले, "वेड असावे, पण रोजमेळ आधी लिहावा." तो नियम मी आजवर पाळला.

विमानवेडे एकत्र जमले की पहिला प्रश्न ठरलेला असतो: आवडते विमान कोणते? कोणी लॉकहीड कॉन्स्टेलेशनचे नाव घेतो. तीन शेपट्यांचे, माशासारख्या वळणदार अंगाचे ते विमान. ८ जून १९४८ रोजी 'मलबार प्रिन्सेस' हे असेच विमान मुंबईहून कैरो आणि जिनिव्हामार्गे लंडनला गेले आणि एअर इंडियाची परदेशसेवा सुरू झाली. कोणी ध्वनीहून वेगवान काँकॉर्डच्या प्रेमात असतो. त्याचे लांब नाक उतरताना खाली झुकवावे लागे, कारण एरवी वैमानिकाला पुढची धावपट्टीच दिसली नसती. माझे उत्तर मात्र बदलले नाही: बोइंग ७४७. त्याच्या पाठीवरच्या उंचवट्यामागचे कारण कळले तेव्हा तर माझ्यातला व्यापारी खूश झाला. पुढील काळात प्रवासी ध्वनीहून वेगवान विमानांनी जातील आणि ७४७ ला मालवाहतूक करावी लागेल, असा त्या वेळचा अंदाज होता. म्हणून विमानाचे नाक दरवाजासारखे उघडून समोरून माल भरता यावा, यासाठी कॉकपिट उचलून वरच्या मजल्यावर नेले. मालाला वाट देण्यासाठी मालकाने माडीवर बसावे, तसाच हा प्रकार.

विमानाच्या बाहेरच्या रूपाकडून माझे लक्ष कॉकपिटकडे वळले ते एका छायाचित्रामुळे. त्या ७४७ मध्ये दोन वैमानिकांच्या मागे फ्लाइट इंजिनियर बसत असे आणि त्याच्यासमोर काट्यांची व खटक्यांची उभी भिंतच होती. काष्ठौषधीच्या दुकानात छतापर्यंत गेलेले खण असतात ना, अगदी तशी. दिवे, काटे आणि खटके मिळून त्या कॉकपिटमध्ये ९७१ गोष्टी होत्या. एवढ्या गोष्टींकडे तीन माणसे लक्ष कशी ठेवत असतील?

आरंभी हा पसारा नव्हता. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा यांनी कराचीहून अहमदाबादमार्गे जुहूला टपाल आणले, ते पुस मॉथ या एका इंजिनाच्या छोट्या विमानातून. सोबत रेडिओसुद्धा नव्हता. पुढे इंजिने दोनाची चार झाली, पल्ला वाढला, आणि यंत्रांबरोबर माणसेही वाढली. लांब पल्ल्याच्या कॉन्स्टेलेशनमध्ये सामान्यतः पाच जण बसत: दोन वैमानिक, इंजिनांवर नजर ठेवणारा इंजिनियर, ताऱ्यांवरून वाट काढणारा नेव्हिगेटर आणि रेडिओ सांभाळणारा. मग उलटी गणती सुरू झाली. रेडिओवर थेट बोलणे सोपे झाले, तसा रेडिओवाला गेला. विमान कुठे आहे हे यंत्रच सांगू लागले, तसा नेव्हिगेटर गेला. १९८८ साली उडालेल्या ७४७-४०० मध्ये पडदे आणि संगणक आले, इंजिनियरचीही खुर्ची गेली, आणि ९७१ गोष्टींच्या ३६५ झाल्या. मी हे सारे मोठ्या कौतुकाने वहीत लिहीत होतो. कॉकपिटचा इतिहास म्हणजे यंत्रांचा इतिहास, अशीच माझी समजूत होती. त्यात माणसाच्या चुकीचाही एक इतिहास आहे, हे कळण्याआधी मी स्वतः एक मोठी चूक करून बसलो होतो.

१९८६ चा मार्च महिना. हळदीचा हंगाम ऐन भरात होता. अण्णा आजारी असल्याने गादीवर मी बसत होतो. आमच्याकडे बावीस वर्षे काम केलेले दिवाणजी होते. मला अंकलिपी शिकवणारेही तेच. त्या काळी आमची दोन्ही चिठ्ठीबुके एकाच छापखान्यातून येत. तोच आकार, तोच तांबडा पुठ्ठा, फक्त वरच्या कोपऱ्यात बारीक अक्षरात 'घर' किंवा 'अडत' छापलेले. लॉटचे क्रमांकही दोन्हींत एकपासूनच सुरू होत. एका संध्याकाळी वीज गेलेली, ट्रक दारात उभा, हमालांची घाई. दिवाणजींनी कंदिलाच्या उजेडात चिठ्ठी फाडली ती चुकीच्या बुकातून. एका शेतकऱ्याने भाव वाढेपर्यंत राखून ठेवलेला अडतीचा माल आमचा म्हणून ट्रकवर चढला आणि रातोरात गुजरातकडे रवाना झाला. पंधरा दिवसांत भाव चढले. शेतकऱ्याला फरक भरून द्यावा लागला. ते पैशाचे नुकसान दोन हंगामांत भरून निघाले असते. परंतु मी हमालांसमोर दिवाणजींना म्हणालो, "डोळे मिटून काम करता काय? जमत नसेल तर घरी बसा." ते काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी तिजोरीच्या आणि गोदामाच्या किल्ल्या त्यांच्या मुलाच्या हाती आल्या. अण्णांनी मला एका शब्दाने विचारले नाही, आणि तेच मला जास्त लागले.

त्यानंतर बारा-तेरा वर्षांनी एका पुस्तकात दुसऱ्या महायुद्धातील एक हकिकत वाचनात आली. अमेरिकेची बी-१७ नावाची चार इंजिनांची बॉम्बफेकी विमाने होती. मोहिमेवरून सुखरूप परतून, धावपट्टीवर व्यवस्थित टेकल्यानंतर काही वैमानिक चाकेच आत ओढून घेत आणि विमान पोटावर घसरत जाई. युद्धातून तावूनसुलाखून निघालेली ही माणसे. त्यांच्या नावापुढे 'वैमानिकाची चूक' असा शेरा पडे. १९४३ च्या सुमारास आल्फोन्स चापानिस या तरुण मानसशास्त्रज्ञाने निराळा प्रश्न विचारला: ही चूक याच विमानांत का होते? डाकोटाची लष्करी आवृत्ती असलेल्या सी-४७ च्या वैमानिकांकडून ती का होत नाही? तो कॉकपिटमध्ये जाऊन बसला आणि उत्तर त्याला समोरच दिसले. बी-१७ मध्ये चाके आत घेण्याचा खटका आणि पंखांच्या मागच्या झडपा, म्हणजे फ्लॅप्स, आत घेण्याचा खटका शेजारीशेजारी होते आणि हाताला अगदी सारखे लागत. उतरल्यावर फ्लॅप्स आत घ्यायचे असतात. थकलेला हात शेजारच्या खटक्यावर पडे. सी-४७ मध्ये दोन्हींची मांडणीच वेगळी होती. चापानिसने उपाय केला तो अगदी साधा: चाकांच्या खटक्यावर रबराचे छोटे चाक बसवले आणि फ्लॅप्सच्या खटक्यावर पाचरीसारखा तुकडा. चूक थांबली.

मी पुस्तक मिटले. डोळ्यांपुढे चाक आले नाही. दोन तांबडी चिठ्ठीबुके आली.

मग जुनी कात्रणे पुन्हा वाचली, आणि आता त्यांत मला वेगळेच दिसू लागले. याच बी-१७ चा पहिला नमुना ३० ऑक्टोबर १९३५ रोजी चाचणीच्या उड्डाणात कोसळला होता. जमिनीवर उभे असताना वाऱ्याने शेपटीचे भाग हलू नयेत म्हणून लावलेली अडकण काढायची राहून गेली होती, आणि विमान चालवणारा माणूस तर अत्यंत अनुभवी. त्यानंतर वैमानिकांनी उड्डाणापूर्वी वाचायची यादी तयार केली; स्मरणशक्तीवर भिस्त ठेवली नाही. आणि 'एम्परर अशोक'? माझे ते पहिले प्रेम १ जानेवारी १९७८ च्या रात्री मुंबईहून दुबईला निघाले आणि दोन मिनिटांच्या आत वांद्र्यासमोरच्या समुद्रात कोसळले. २१३ माणसे गेली. मुख्य वैमानिकापुढचे, विमान किती कलले आहे हे दाखवणारे यंत्र बिघडले होते. विमान सरळ असताना ते उजवीकडे कललेले दाखवत राहिले, म्हणून विमान डावीकडे अधिकाधिक वळवले गेले. खाली काळोखा समुद्र, क्षितिज दिसायला मार्ग नाही. सहवैमानिकासमोर तसेच दुसरे यंत्र होते, राखीव असे तिसरेही होते. पण त्यांच्या आधाराने वेळीच सावरता आले नाही. ही बातमी वाचली तेव्हा मी एकोणीस वर्षांचा होतो आणि माझ्या मनात एकच प्रश्न आला होता: चूक कोणाची? आजच्या विमानांत दोन्ही वैमानिकांसमोरच्या आकड्यांत तफावत पडली की यंत्र स्वतःच इशारा देते. कोणीतरी पुढचा प्रश्न विचारला, म्हणून हे घडले.

त्या वर्षीच्या पाडव्याआधी मी तासगावजवळच्या त्या खेड्यात गेलो. दिवाणजी ओसरीवर बसले होते. मोतीबिंदू झालेला, पण आवाज ओळखला. "धाकटे शेट, आत या." मी पायांवर डोके ठेवले आणि जे तेरा वर्षांपूर्वी म्हणायला हवे होते ते म्हणालो. ते म्हणाले, "चिठ्ठी माझ्याच हाताने फाडली होती. चूक माझीच." तेव्हा मी त्यांना त्या दोन खटक्यांची गोष्ट सांगितली. त्यांनी लक्षपूर्वक ऐकली. मग हिशेबातली फोड विचारावी तसे त्यांनी विचारले, "मुठीला रंग कोणता दिला?"

"रंग नाही, दिवाणजी. आकार बदलला. अंधारातही हाताला कळावे म्हणून."

ते जरा वेळ गप्प राहिले. नंतर म्हणाले, "मग आपल्या बुकांचेही तसेच करा. एकाला गोणपाट लावा, एकाला रेक्झिन. संध्याकाळी गोदामात दिवा कुठे असतो!"

आपल्या बुकांचे, असे ते म्हणाले. तेरा वर्षांत ते पेढीवर आले नव्हते, तरी 'आपल्या'. त्या पाडव्याला ते आले, वहीपूजनाला अण्णांच्या तसबिरीशेजारी बसले, आणि नव्या पुठ्ठ्यांवरून त्यांनी डोळे मिटून हात फिरवून पाहिला. "घर," ते म्हणाले, आणि मग "अडत." नोकरीवर ते पुन्हा आले नाहीत, वयही राहिले नव्हते. पुढच्या वर्षी ते गेले.

आता आमच्याकडे बिले संगणकावर होतात. गेल्या महिन्यात नव्या मुलीने एका पार्टीची रक्कम दुसरीच्या नावे टाकली. माझा नातू तिला बोलण्यासाठी उठला, तेव्हा मी त्याला थांबवले आणि म्हणालो, "आधी तिच्या खुर्चीत बसून बघ." तो बसला. पडद्यावर दोन नावे एकाखाली एक होती. शेवटच्या दोन अक्षरांपुरताच फरक. त्याने दोन्हींपुढे गावांची नावे जोडली, मग मुलीला झालेली चूक दाखवली आणि तिच्याकडूनच ती दुरुस्त करून घेतली. मुलीला तिची चूक कळली, आणि चार माणसांत मान खाली घालण्याची वेळही तिच्यावर आली नाही.

त्याच रात्री नातवाने विचारले, "आजोबा, तुमचे आवडते विमान अजूनही ७४७ च का?" होय, तेच. फक्त आता मला त्याच्या उंचवट्यापेक्षा आणि झरोक्यांपेक्षा आतली एक छोटीशी वस्तू अधिक आवडते. ९७१ खटक्यांचे आणि दिव्यांचे ३६५ झाले, इंजिनियरची भिंत गेली, काट्यांचे पडदे झाले. पण चाकांच्या दांड्यावरची ती मूठ आजही चाकाच्याच आकाराची असते. मोठ्या विमानांत ती तशीच असावी, असा आता नियमच आहे. दिवाणजींचा हात त्या दांड्यावर पडला असता, तर अंधारातही त्यांनी ओळखले असते.